प्रथिन बोलतंय

गोपाळकृष्ण परचुऱ्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवला. बायकोविरुद्धच्या तक्रारी होत्या, त्याही तारीखवार. निवृत्त हेडक्लार्क दुसरं काय आणणार?

चार जून : उपम्यात मीठ कमी आहे म्हटल्यावर हिने मिठाची बरणी पुढे सरकवली. अठरा जून : पाहुण्यांना ‘चहा हे करतील’ असं परस्पर सांगितलं. दोन जुलै : एकटीच खडकवासल्याला जाऊन आली. विचारलं नाही, कळवलं.

शेजारच्या खुर्चीत हेमा शांतपणे पंख्याकडे बघत होती.

तसे गोपाळकृष्ण दुष्ट नव्हते. मागच्या दिवाळीत हेमा फिट येऊन स्वयंपाकघरात पडली, तेव्हा ते हुंदके देऊन रडले होते. गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबली, पण चिडचिड सुरू झाली. बायोटेक शिकणाऱ्या सलोनीने बाबांना समजावलं, की मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात, तिथल्या एका प्रथिनाला ही गोळी जाऊन धरते. फिट थांबते ती त्यामुळेच, पण काहींची चिडचिड वाढते. तेव्हापासून हेमा काही बोलली, की गोपाळकृष्ण सगळ्यांदेखत म्हणायचे, “ही नव्हे, प्रथिन बोलतंय.” आणि निमूट उठून चहा ठेवायचे. बिबवेवाडीतल्या त्या घराने इतका समजूतदार नवरा पस्तीस वर्षांत पाहिला नव्हता.

पण आता त्यांचं सोसून झालं होतं. गोळी बदला, अशी त्यांची विनंती होती. बदलली तर फिट परत येईल का, याची मात्र धास्ती होती. ती त्यांनी तळटीप म्हणून लिहिली होती.

डॉक्टर आम्रपालींनी फाइल उघडली आणि हेमाकडे पाहिलं. सांगा, अशी तिने मान हलवली.

“काका, ती गोळी एप्रिलमध्येच पूर्ण बंद केली. चिडचिड होतेय, असं काकूच सांगायला आल्या होत्या. आताची गोळी त्या प्रथिनाच्या वाटेला जात नाही. फिटही आलेली नाही.”

गोपाळकृष्णांनी कागदावरच्या तारखा पुन्हा वाचल्या. मग बायकोकडे वळून, मला का नाही सांगितलंस, एवढंच कसंबसं विचारलं.

“अहो, प्रथिन बोलतंय असं वाटत होतं, तोवर तुम्ही ऐकत होतात,” हेमा म्हणाली. “मीच बोलतेय हे कळल्यावर ऐकाल की नाही, याची भीती वाटली.”