माशांच्या टाकीचा व्हॉल्व्ह

फिल्टरचं पाणी माशांच्या टाकीत सोडायचं आणि नळ बंद करायला विसरायचं, ही या घराची जुनी खोड. मागच्या खेपेला तर सोफ्याखालच्या चपला तरंगत दारापर्यंत आल्या होत्या! शेवटी नववीतल्या लेकीने स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह बसवला. पाणी खुणेपर्यंत चढलं की त्याचा तरंगता बॉल उचलला जाणार आणि नळी आपोआप बंद.

"आता नळ सोडून सगळे फिरायला चला," तिने फर्मान काढलं. "विश्वास आहे ना माझ्यावर?"

"अगदी डोळे झाकून, इंजिनीअरबाई!" बाबा म्हणाले.

कोपऱ्यावर पोचतात तोच बाबांना घरी राहिलेला चष्मा आठवला. तो त्यांच्या नाकावरच होता. पाठोपाठ आईला गॅस आठवला.

"जा, जा! घाबरट कुठले!" लेक ऐटीत एकटीच पुढे निघाली.

घरी आई बादली घेऊन आणि बाबा फडकं घेऊन टाकीपुढे उभे होते. पाणी बरोबर खुणेवर थांबलं होतं. फरशी कोरडी ठणठणीत.

"जमलं की गं पोरीला!" म्हणत बाबा वळले, तर दारात लेक धापा टाकत उभी.

"अगं, तू कशाला परत आलीस?"

लेकीने शेजारच्या काकूंकडून मागून आणलेला पोछा हळूच पाठीमागे लपवला.