दगूबाईसाठी आवाज

“आता हाई मशीन बोलती कर,” लोटनराव म्हणाले आणि त्यांच्या लेकीने, रंजिताने, दुसरा लॅपटॉप उघडला.

कोरीट गावातल्या त्या घरात भरदुपारी खाटेवर तीन लॅपटॉप मांडले होते. सोमवारी सुरतेला लोटनरावांच्या बायकोच्या, दगूबाईच्या, घशाचं ऑपरेशन होतं. गाठ स्वरयंत्रातच होती, त्यामुळे ते सगळंच काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पुढे दगूबाईने जे बोलायचं ते टाइप करायचं आणि कॉम्प्युटरने ते मोठ्याने म्हणायचं. मोबाइलचा पडदा लहान पडतो, हे लोटनरावांनी आधीच ठरवून टाकलं होतं. आता कॉम्प्युटर कोणता घ्यायचा, एवढंच उरलं होतं.

लोटनरावांची खोड गावभर माहीत. पाण्याची मोटार असो की मिरचीचं बियाणं, चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय हा माणूस काही घ्यायचा नाही. ते लांबून दिसले की दुकानदार आधी चहा सांगून ठेवत. बायको तेवढी त्यांनी पहिल्याच घरी पसंत केली होती, तीही दिसायच्या आधी. आतल्या खोलीत ती धाकट्या भावाला दटावत होती आणि तो खणखणीत आवाज ऐकूनच लोटनराव गार झाले होते.

विंडोज पाहून झालं होतं. ते कुणालाही चालवता येतं, बिघडलं तर नंदुरबारला दुरुस्त होतं. पण त्यातला चांगला आवाज इंटरनेटवर चालायचा आणि कोरीटचं नेटवर्क म्हणजे आलं तर आलं. नेट गेलं की बाईने गप्प बसायचं का? लोटनरावांनी नाक मुरडलं.

दुसरा मॅक. रंजिता नाशिकला नोकरी करायची. हा तिचाच होता.

“याले नेट नही लागत, आप्पा. बॅटरी बी दिवसभर पुरस.”

“अन् बिघडना तं?”

“तं नाशिकले लई जानं पडी.”

लोटनरावांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने स्वतःच टाइप करायला घेतलं. मशीनशी बोलायचं म्हणून शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी. दगूबाई हाक मारणार ती आपल्यालाच, म्हणून त्यांनी आपलंच नाव घातलं. त्यात काही चुकतंय हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

“लोटन, जेवायला चला,” मॅकमधून एक तरुण बाई बोलली. आवाज स्वच्छ, साखरेत घोळवलेला.

“ओ,” लोटनराव म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

रंजिताला हसू आवरेना. “आप्पा, तुम्ही तं मशीनले ओ दिधी.”

लोटनराव कानापर्यंत लाल झाले. लग्न झाल्यापासून दगूबाईने त्यांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. “ओ, ऐकतस का” एवढ्यावर सगळा संसार झाला होता. आता दगूबाईने पदर तोंडाशी धरून मान फिरवली. तीही हसतेय, असंच त्यांना वाटलं.

तिसरा लॅपटॉप रंजिताचा कॉलेजातला. इतका जुना, की त्यावर लिनक्सच तेवढं धड चालायचं. त्याला पैसे पडत नाहीत, व्हायरसची फारशी धास्ती नाही, नेटही नको. पण आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. तो जेवायला बोलावतोय की भांडायला, हेच कळेना. बाई बोलतेय की बुवा, तेही नाही.

“बंद कर ते,” लोटनराव म्हणाले. त्यांच्या मनात पक्कं झालं होतं. मॅकच घ्यायचा. महाग तर महाग. उरलेलं आयुष्य तिच्या वाट्याला गोड बोलणं तरी यावं. तिचं हे बसकं, घोगरं बोलणंही सोमवारनंतर ऐकू येणार नाही, या विचाराने त्यांना गेले कित्येक दिवस घास गिळवत नव्हता.

“हाऊच राहू द्या,” दगूबाई म्हणाली. तिने हात त्या जुन्या लॅपटॉपवर ठेवला होता.

“याडी व्हयनी का तू? त्यामा शब्द बी समजत नही. त्या दुसराना आवाज कितला गोड शे.”

“म्हनीसन नको. तिले तुम्ही ओ दिधी.”

रंजिताचं हसू मावळलं. लोटनरावांना स्वतःची लाज वाटली. आपण आपलंच नाव एका परक्या आवाजाच्या तोंडी घातलं, तेही हिच्या देखत, आणि वर त्याला ओ दिली.

“मी तं सहज...” ते म्हणाले. 

“माले राग नही उना.” दगूबाई थांबली. एकेक शब्द तिला घशातून ओढून काढावा लागत होता. रंजिताने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने हातानेच बाजूला सारला.

“गोड आवाजनी सवय लागी जास,” ती म्हणाली. “वरीसभरमा तुम्हले वाटी, मन्हा आवाज पहिलेपासून तसाच व्हता. हाऊ डबा जवय जवय बोली, तवय तवय तुम्हले याद ई, का हाऊ मन्हा आवाज नही.”