कागदावर चौतीस

"कागदावर चौतीस आणि कॉम्प्युटरवर तेवीस!" बाईंनी दोन्ही पेपर टेबलावर आपटले. "पोरगी तीच, कान तेच. मग अकरा मार्क गेले कुठे?"

समोर नर्स मान खाली घालून उभी होती. परदेशातल्या हॉस्पिटलने तिला नोकरीचं पत्र दिलं होतं, पण इंग्रजी ऐकण्याच्या परीक्षेत चाळीसपैकी तीस हवे होते. दोनदा ती नापास झाली होती. सोमवारी शेवटची संधी. नंतर पत्र रद्द. कागदावरची परीक्षा तर यंदापासून बंदच झाली होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं," क्लासचा मालक दारातून म्हणाला. कॉम्प्युटर त्यानेच हौसेने आणले होते.

बाई भडकल्या. वीस वर्षं त्या हेच शिकवत होत्या. कपाटातली एकूण एक टेप त्यांना तोंडपाठ होती. टेप लावायची आणि समोर बसून लाल पेनाने मागचे पेपर तपासायचे, ही त्यांची पद्धत. पोरं पटापटा लिहायची. आता तीच पोरं पडद्याकडे तोंड करून, कानांवर हेडफोन चढवून बसायची. या नर्ससाठी बाईंनी आठवडाभर काय नाही केलं? हेडफोन बदलला, खुर्ची बदलली. टाइप करण्यात वेळ जात असेल म्हणून कॉम्प्युटरशेजारी कोरा कागद ठेवला. आकडा काही तेवीसच्या पुढे सरकेना. बाईंना आता नुसतं रडू यायचं बाकी होतं.

"आज सोक्षमोक्षच लावते," त्या म्हणाल्या. जुना टेपरेकॉर्डर काढला. मालकालाच त्याच्याजवळ बसवलं, नर्सच्या हाती कागदी पेपर दिला आणि कुणी खोट काढायला नको म्हणून स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

टेप संपली. बाईंनी पेपर तपासला. पुन्हा एकदा तपासला.

बावीस.

मालकालाही हसू आलं नाही.

"अगं, कागदच होता ना हा?" बाईंचा आवाज चढला. "मग आज झालं काय तुला?"

नर्सचे डोळे भरून आले. "बाई, माझी ड्युटी आयसीयूत असते. तिथल्या पेशंटच्या तोंडात नळी असते, त्यांना बोलता येत नाही. चेहरा बघायचा, हात बघायचा आणि काय हवंय ते ओळखायचं. आठ वर्षांची सवय आहे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"टेपमध्ये उत्तर आलं की तुमचं लाल पेन थांबतं. तेव्हा जो शब्द कानावर पडतो, तोच मी लिहिते. आज तुम्ही मागे जाऊन बसलात, तेव्हा कळलं मला. इतके दिवस वाटत होतं, मी ऐकतेय."