टॅबमधला लॅपटॉप

"कुणाला पटायचं न्हाई, पण ह्या टॅबमधी मी लॅपटॉपचा प्रोसेसर बसवून आणलाय," जिंतूरहून परतलेले पंडितआबा नातीला म्हणाले.

संघप्रियाची ऑनलाइन परीक्षा अर्ध्या तासावर आली होती. टॅब आठवडाभर पानोपानी अडकत होता आणि लॅपटॉपच्या ताकदीचा नवाच घ्यावा लागेल, असं दुकानदारानं सांगून टाकलं होतं.

"मोठ्या कॉम्प्युटरची सिस्टीमबी टाकली. जपून बोट लाव. येताना चढावर यष्टी ह्यानंच ओढली."

तिनं सरावाचा पेपर उघडला. पानं सरसर सरकली, तसा तिच्या जिवात जीव आला. मग टॅबमधल्या रिकाम्या व्हिडिओ गॅलरीकडं बघत ती हळूच म्हणाली, "आबा, खोटं बोलायलाव. तुमचे शंकरपटातल्या बैलांच्या शर्यतीचे नऊशे व्हिडिओ काढून टाकलेत तुमी."