झेंडूची माळ

"आज ह्याला मारूनच बघते!" म्हणत वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात ऋजुताने प्लाझ्माला धरून ठेवणाऱ्या चुंबकांचा जोर घटवला. सरावासाठीचा संगणकी प्लाझ्मा आणि शहराला, घरी बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनला वीज देणारा खरा प्लाझ्मा पडद्यावर हुबेहूब सारखे दिसत. म्हणून खंडेनवमीच्या पूजेपासून खरा प्लाझ्मा चालवणाऱ्या टेबलाला झेंडूची माळ असे. ऋजुता बिनमाळेच्या टेबलावर बसली होती.

पडद्यावरचा प्लाझ्मा वळवळला, भिंतीवर आपटला आणि विझला.

"मेला गं बाई!" ती खिदळली.

इतक्यात तिचा सहकारी नचिकेत ताजी माळ घेऊन आला. "अगं ऊठ, आधीची सुकली म्हणून काढली होती."

ऋजुताने झटकन चुंबकांचा जोर परत वाढवला, पण प्लाझ्मा विझलेलाच राहिला. खरा प्लाझ्मा पुन्हा पेटवायला अख्खा दिवस लागायचा.

फोन वाजला. धाकटा भाऊ होता.

"ताई, लाइट गेली! बाबांना श्वास घेता येत नाहीये. लगेच येईल ना गं?"