दहापैकी किती

“चार,” सत्यभामा म्हणाली आणि वांग्यांवर पाणी शिंपडू लागली.

शेजारी उभी तिची लेक, प्रतीक्षा, पटकन तिच्याकडं वाकली. पाटीसमोर जुईली टॅब घेऊन बसली होती. अमरावतीत शर्ट शिवणाऱ्या परदेशी कंपनीनं तिला कामगारांच्या घरच्यांकडे धाडलं होतं. प्रश्न एकच: कंपनी आल्यापासून दहापैकी किती सुखी आहात? दुसरा कारखाना इथंच काढायचा की भलत्याच देशात, ते या आकड्यांवर ठरणार, अशी कुजबुज होती. इथं निघाला तर आज कंपनीत मशीनवर बसणारी प्रतीक्षा त्यात सुपरवायझर होणार होती.

“आई, नीट सांग ना!”

“नीटच सांगतलं. चार लिही, बाई.”

जुईलीनं चार लिहिले, पावशेर वांगी घेतली. सत्यभामानं वरून सांबाराच्या चार काड्या टाकल्या, फुकट. बाकीचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात, तोच हा सांबार. तो वरून पडल्याशिवाय तिचा सौदा पुरा होत नसे. राजापेठेतली गिऱ्हाइकं त्यावरच तर बांधलेली!

जुईली उठून गेली तशी प्रतीक्षा भडकली. “कंपनीच्या विम्यात तुया मोतीबिंदूचं आपरेशन झालं. वांग्यातली अळी आता लांबून दिसते तुले. मंग चारच काहून वं?”

सत्यभामानं इकडंतिकडं पाहिलं. “येडी कुठची! दहा सांगतले असते तं थे म्हणले असते, हे लोक सुखी झाले, चला आता दुसऱ्या गावाले. पोट भरलेल्याच्या ताटात कोणी वाढते काय? चार सांगतले म्हून उरलेल्या सहासाठी तरी थांबतीन. तुयी नोकरी राहीन.”

प्रतीक्षाला हसावं की रडावं कळेना. आईनं आपलं सुख लपवलं होतं, तेही तिच्यासाठीच.

“मावशी, पिशवी राहिली,” मागून आवाज आला. वांगी विसरलेली जुईली परत आली होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ती खाली बसली. “माणसं खूश दिसली तरच कंपनी थांबते, मावशी. चार खोडते मी. आता खरं सांगा.”

सत्यभामानं जीभ चावली. डोळे पुसणाऱ्या लेकीकडं तिनं नव्या नजरेनं, अगदी स्वच्छ पाहून घेतलं.

“दहा लिही,” ती म्हणाली. “आन् वरून सांबार.”