भाकऱ्यांचा आलेख

"राधा कोंडीराम, पुढे ये. तुझा आलेख फळ्यावर लाव."

तपासनीस साहेबांनी नाव पुकारलं आणि आनंदा गुरुजी भिंतीपासून दोन पावलं पुढे सरकले.

सातवीची पाच मुलं होऊन गेली होती. यंदा खात्याची नवी टूम निघाली होती. आकडे नुसते मांडायचे नाहीत, ते वाचून अर्थ सांगायचा. कुणी चाळीच्या नळाला पाणी किती वेळ येतं त्याचे स्तंभ काढले होते, कुणी वडिलांच्या पाळ्यांचे. साहेब दोन प्रश्न विचारत, गुण टिपत आणि पुढचं नाव घेत. तपासणी खरं तर मार्चात व्हायची, पण यंदा साहेब वीस फेब्रुवारीलाच टपकले होते. परळातली त्यांची ही तिसरी शाळा, असं शिपाई म्हणाला होता.

राधाचा विषय होता, 'आमच्या घरी रोज किती भाकऱ्या होतात'. आणि हा विषय दिला कोणी? खुद्द गुरुजींनी! पंधरा दिवस रोज मोजा आणि स्तंभ काढा, असं त्यांनीच तिला बजावलं होतं. तेव्हा त्यांना काय ठाऊक, की मधल्याच सोमवारी संयुक्त महाराष्ट्राच्या समितीचा निरोप येईल, वॉरंट निघालेल्या एका कॉलेजच्या पोराला कुठंतरी लपवा म्हणून!

गुरुजींनी त्याला नेऊन ठेवलं ते राधाच्या बापाच्या, कोंडीरामच्या पोटमाळ्यावर. पोराचं नाव-गाव विचारायचं नाही, हा नियम. रंगरूपावरून, बोलण्यावरून बड्या घरचा दिसत होता. कोंडीरामची चाळ बाबासाहेबांना मानणाऱ्यांची. असल्या घरचा पोरगा तिथं राहील, जेवील, हे पोलिसांच्या स्वप्नातही येणार नाही, असा गुरुजींचा होरा. मोठी अक्कल चालवली आणि घरातली पोर रोज भाकऱ्या मोजतेय हे साफ विसरले. आता बसा बोंबलत.

"वाच," साहेब म्हणाले.

राधाने पट्टी उचलली. "आमच्या घरी आई, बाबा, मी नि माझा भाऊ. चार माणसं. पहिला आठवडा रोज बारा भाकऱ्या. मग सोमवारी चौदा. मंगळवारपास्नं रोज सोळा."

साहेब खुर्चीतून उठले. फळ्याजवळ जाऊन त्यांनी कागदावर बोट टेकवलं.

"सोमवार म्हणजे तेरा तारीख?"

"हो, साहेब."

गुरुजींनी खिडकीतून पाहिलं. पोलिसांची गाडी फाटकाशी उभी होती. जानेवारीतल्या गोळीबारापासून ती तिथून हलली नव्हती. इथून एक हाक मारली तरी ऐकू जाईल! पोरगा तुरुंगात जाईल, कोंडीरामची गिरणी सुटेल, आपली शाळा सुटेल. पळावं तर दाराशी साहेबांचा शिपाई. आणि पळून तरी जाणार कुठं?

"साहेब, तिचं मोजायला चुकलंय," गुरुजी म्हणाले. "आकडे खरे नाहीत. नापास करा तिला."

राधाचा चेहरा रडवेला झाला. वर्गात हिच्याइतकी चोख पोर दुसरी नव्हती, आणि हे गुरुजींएवढं कुणाला ठाऊक होतं? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"नाय, गुरुजी! आई थापते तेव्हा मी बाजूलाच बसते. एकपण चुकली नाय."

"गप्प बस!"

"गुरुजी, तुम्ही मधे बोलू नका," साहेब शांतपणे म्हणाले. "परीक्षा तिची आहे. बोल मुली, आकडा का वाढला?"

राधाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान खाली घातली.

"पाहुणा आलाय," ती म्हणाली. "गावचा."

"एकच?"

"एकच."

"मग सोमवारी दोन भाकऱ्या जास्त आणि मंगळवारपासून चार. असं का? हे आलेखात दिसतंय. याचा अर्थ सांग."

राधाने विचार केला. "पहिल्या दिवशी लाजला, साहेब. नको नको करत होता. मग आईने दम भरला."

वर्ग खो खो हसला. साहेब हसले नाहीत. फळ्याकडे तोंड करून त्यांनी एकेका स्तंभावरून बोट फिरवलं.

"रविवारीसुद्धा सोळा?" साहेबांनी विचारलं. "म्हणजे कालपर्यंत पाहुणा इथंच होता."

राधाने पट्टी खाली ठेवली. आता पोरीलाही कळलं होतं, आपण काय करून बसलो ते.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग फळ्यावरचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. बाकी कुणाचाच आलेख त्यांनी घेतला नव्हता.

"उरलेल्यांची परीक्षा उद्या," असं म्हणून ते निघाले. शिपायाला त्यांनी दप्तर आवरायला मागे ठेवलं.

गुरुजी जिन्यापर्यंत त्यांच्यामागे धावले. "साहेब, पाया पडतो तुमच्या. तो कागद मला द्या. जे काय करायचं ते मला करा. त्या पोरीच्या बापाचा यात काडीचा दोष नाही हो."

साहेब पायरीवर थांबले. खाली फाटकाशी हवालदार विडी ओढत होता. साहेबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"घरी भाकरी वाढली की ताट सरकवून उठायचा. इथं चार-चार खातो, गुरुजी?"

गुरुजींनी कागदासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"कागद मिळणार नाही," साहेब म्हणाले. "आठ दिवस त्याच्या आईनं अन्नाला हात लावलेला नाही. तिला दाखवायचाय."